लार्पमध्ये जादूचा कच्चा माल चलन म्हणून: चालतो, पण तो खर्च कुठे होणार हे आधी ठरवा

प्रश्न असा आलाय: पुण्याजवळ, मुळशीच्या बाजूला, दोन दिवस आणि एक रात्र चालणारा मैदानी कल्पनारम्य खेळ एक गट बसवतोय. साठेक खेळाडू, वर्षातून तीन-चार वेळा. नाणी ठेवायचीच नाहीत. मंत्रस्फटिक, जादूचे धातू आणि वनौषधी हेच चलन. हे टिकेल का, माल किती वाटायचा, नकली माल कसा रोखायचा आणि उरलेल्या मालाचं काय करायचं?

मी ब्रिटनमध्ये राहतो. पोशाख करून, पात्र होऊन प्रत्यक्ष मैदानावर खेळायच्या या खेळाला इथे लार्प म्हणतात, आणि बरीच वर्षं मी तो खेळतोय. काही लहान खेळांमध्ये मालाचा हिशोब सांभाळायचं कामही माझ्याकडे होतं. त्या अनुभवावर सांगतो: तुमची कल्पना टिकेल. पण माल किती वाटायचा हा प्रश्न तुम्ही पहिला विचारताय आणि तो दुसरा आहे. पहिला प्रश्न म्हणजे हा माल संपणार कुठे. ज्याला कुणी जाळत नाही, गिळत नाही, वितळवत नाही, तो स्फटिक म्हणजे नुसता रंगीत मणी. तिसऱ्या खेळापर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

ज्या खेळात हे गणित सगळ्यात नीट जमलंय असं मला वाटतं, तो इंग्लंडमधला ‘एम्पायर’. प्रोफाउंड डिसिजन्स ही कंपनी तो 2013 पासून चालवते, वर्षातून चार वेळा, हजाराहून जास्त खेळाडूंसाठी. तिथे धातूची नाणीही आहेत: 20 रिंग म्हणजे एक क्राउन, 8 क्राउन म्हणजे एक थ्रोन. म्हणजे थ्रोनच्या 160 रिंग होतात. पण मोठे व्यवहार बघितले तर नाण्यांपेक्षा मालच जास्त हात बदलतो. मंत्रविधींना मॅना, म्हणजे जादूची शक्ती असलेले, स्फटिक लागतात. वैद्यांना पाच वनौषधी लागतात: ट्रू व्हर्व्हेन, मॅरोवॉर्ट, ब्लेडरूट, सेरुलियन मॅझरीन आणि इम्पीरियल रोझवील्ड. कारागिरांना आठ खास पदार्थ लागतात. त्यातले ग्रीन आयर्न, ओरिकॅल्कम, टेम्पेस्ट जेड आणि वेल्टसिल्व्हर खाणीतून येतात. अँबरगेल्ट, बेगरवुड, ड्रॅगनबोन आणि इरिडिसेंट ग्लोमिंग जंगलातून. त्यांच्याही वर किल्ले, सैन्य आणि मोठ्या बांधकामांसाठी व्हाइट ग्रॅनाइट, वीअरवुड, मिथ्रिल. आणि सगळ्यात दुर्मीळ इलियम.

ही नावांची यादी मी हौसेने दिलेली नाही. यातली प्रत्येक वस्तू कशी संपते ते बघा. विधी झाला की स्फटिक गेले, आणि विधी जितका मोठा तितके जास्त. जखमेवर किंवा विषावर पाला लावला की तो संपला. कारागिराने घडवलेली जादूची तलवार वर्षभर चालते आणि मग तिच्यातली जादू उतरते. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात हुशारीची वाटते. वस्तू कायमची असती तर दोन-तीन वर्षांत प्रत्येकाकडे हवी ती तलवार आली असती आणि ओरिकॅल्कमला गिऱ्हाईकच उरलं नसतं. वर्षाने वस्तू मरते, म्हणून कारागिराला काम मिळत राहतं आणि खाणवाल्याचा माल उठत राहतो. कायम टिकणारी वस्तू हवी असेल तर इलियम लागतं, आणि ते इतकं थोडं असतं की त्याने बाजार हलत नाही. त्याच्यासाठी राजकारण मात्र भरपूर होतं.

तुमच्या खेळात साठ माणसं आहेत, आठ धातू-लाकडं नकोत. एवढ्या लहान मैदानात आठ प्रकार झाले की तुम्हाला हवा तो पदार्थ एखाद्याच माणसाकडे सापडतो, आणि तो दुपारी झोपलेला असला की व्यवहार अडला. तीन पुरे: एक स्फटिक, एक धातू, एक वनौषधी. त्यातही चलनाचं काम एकच करेल, बाकीचे दोन माल म्हणूनच फिरतील. हे तुम्ही नियमात लिहिलं नाहीत तरी होतं. जो पदार्थ सगळ्यात जास्त लोकांना, सगळ्यात वेगवेगळ्या कारणांसाठी लागतो, त्यातच भाव बोलले जाऊ लागतात. तो स्फटिक असावा असं मी म्हणेन, कारण मंत्रविधी गटाने करतात आणि गटाची भूक एकट्या माणसापेक्षा मोठी असते.

नाणी अजिबात नकोत, हे मात्र मला पटत नाही. स्फटिक अर्धा करता येत नाही. रात्री शेकोटीजवळच्या खानावळीत सरबताचा पेला हवा आहे, भविष्य सांगणाऱ्या म्हातारीला काही द्यायचंय, निरोप्याला पाठवायचंय. एवढ्याशा कामाला एक अख्खा स्फटिक जात असेल तर लोक ती कामं करणंच सोडतात, आणि खेळाची निम्मी गंमत त्याच कामांत असते. सुट्ट्या पैशांची सोय हवीच. हार्डवेअरच्या दुकानात पितळी वॉशर मिळतात, लेटर पंचचा संचही मिळतो. प्रत्येक वॉशरवर हातोडीने एक खूण ठोका, झालं नाणं. खिशात वाजतं, पावसात भिजत नाही, अंधारात बोटांना कळतं. हे सुट्टे पैसे. मोठे सौदे स्फटिकात. दोन्ही एकमेकांना पूरक चालतात. एका स्फटिकाला किती वॉशर हे तुम्ही ठरवू नका, बाजाराला ठरवू द्या.

एम्पायरमधला एक सौदा जवळून सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते डोळ्यांपुढे येईल. संध्याकाळची वेळ. कापडी मांडवाखाली एक दलाल बसलेला, समोर पाटी, पाटीवर खडूने भाव लिहिलेले, सगळे क्राउनमध्ये. एक कारागीर बाई आली. तिला ग्रीन आयर्नच्या विटा हव्या होत्या आणि तिच्याकडे बेगरवुड होतं. दलालाने तिच्या लाकडाचा क्राउनमधला भाव सांगितला, विटांचाही सांगितला. ती म्हणाली, “कालच्यापेक्षा लाकूड उतरवलंत तुम्ही.” तो म्हणाला, “काल उत्तरेकडच्या तळावरून दोघे जण पोतंभर घेऊन आले.” मग घासाघीस. शेवटी लाकूड इकडून तिकडे गेलं, विटा तिकडून इकडे आल्या, आणि उरलेला फरक मिटवायला तिने तीन स्फटिक टाकले. एकही नाणं टेबलावर आलं नाही, पण सगळं बोलणं नाण्यांत झालं. भाव नाण्यांत बोलायचा आणि देणं मालात चुकतं करायचं, असं चाललं की अर्थव्यवस्था जिवंत आहे असं समजायला हरकत नाही. आणि ती बाई तिथून निघाली ती थेट उत्तरेकडच्या तळावर, ते दोघे कोण हे शोधायला. नुसती नाणी असती तर तिला तिकडे जायचं कारणच नव्हतं.

माल चलन म्हणून वापरायचं खरं कारण हेच आहे. खेळात पैसा हवा तो लोकांनी एकमेकांकडे जावं म्हणून. नाणं सगळीकडे सारखंच चालतं, त्यामुळे ते कुणाकडेही जाऊन खर्च करता येतं. माल मात्र ज्याला हवा त्यालाच शोधावा लागतो. एम्पायरमध्ये नवं पात्र बनवताना खेळाडू एक उत्पन्नाचं साधन निवडतो: खाण, जंगल, वनौषधींची बाग, मॅनाचं ठिकाण, शेत, व्यवसाय, जहाज, सैनिकी तुकडी यांपैकी काहीतरी. त्यामुळे पहिल्यांदाच आलेल्या, कुणालाही न ओळखणाऱ्या माणसाच्या खिशातसुद्धा कुणाला तरी हवं असलेलं काहीतरी असतं. वर्षानुवर्षं खेळणारा सरदार त्याच्याकडे स्वतःहून येतो. लाजऱ्या नवख्या माणसासाठी याहून चांगली सोय मी कुठल्याही खेळात पाहिलेली नाही. तुम्ही एवढी एक गोष्ट उचललीत तरी पुष्कळ झालं.

आता किती वाटायचं. कागदावर मांडून बघू. तुमच्या साठ खेळाडूंपैकी वीस जणांकडे स्फटिकांचं ठिकाण आहे आणि प्रत्येकाला दर खेळाला पाच मिळतात. म्हणजे दर वेळी 100 स्फटिक आत येतात. मांत्रिकांचे दोन गट, प्रत्येकाचे चार विधी, प्रत्येक विधीला सहा स्फटिक: 48 जळाले. उरले 52. चार खेळांनंतर 208 साठले आणि पाचव्या खेळाच्या दारावर आणखी 100 येणार, म्हणजे 308. गरज मात्र 48 चीच. भाव कोसळणार, आणि त्याचा पहिला फटका त्या नवख्याला, ज्याच्याकडे विकायला फक्त पाच स्फटिक आहेत.

बहुतेक आयोजक अशा वेळी वाटप कमी करतात. मी ते करणार नाही. वाटप कमी केलं की ज्याच्याकडे जुना साठा आहे तो आणखी श्रीमंत होतो. त्यापेक्षा नवी भूक निर्माण करा. दर खेळाला एक मोठा विधी ठेवा, 30 स्फटिकांचा, जो कुठल्याही एका गटाला एकट्याने परवडणार नाही, आणि ज्याचा परिणाम सगळ्या मैदानावर दिसेल: धरण फुटणार की वाचणार, शत्रूचं सैन्य पहाटे येणार की दुपारी. मग 78 जळतात, दर वेळी 22 उरतात, चार खेळांनंतर 88. साठ जणांत ते माणशी दीडेक पडतात. एवढी शिल्लक हवीच, कारण हातात काहीच नसेल तर लोक उधारीवर खेळू लागतात. शिवाय त्या 30 साठी दोन्ही गटांना एकत्र यावं लागेल, कुणी किती घालायचे यावर भांडावं लागेल. खेळ तिथेच घडतो.

पुरवठा आणि जळण यांचा भावावर कसा परिणाम होतो हे समजून घ्यायला माझ्या मते सगळ्यात चांगलं वाचन लार्पबद्दलचं नाहीच. नोव्हेंबर 1945 च्या ‘इकॉनॉमिका’ या नियतकालिकात आर. ए. रॅडफर्ड यांचा युद्धकैद्यांच्या छावणीच्या अर्थव्यवस्थेवरचा लेख आहे. ते स्वतः जर्मनीतल्या स्टालाग 7-ए मध्ये कैदी होते. छावणीत सिगारेट हेच चलन होतं, रेडक्रॉसच्या पार्सलांतून येणारं आणि ओढून संपणारं. सिगारेटी भरपूर आल्या की वस्तूंचे भाव चढायचे, संपत आल्या की उतरायचे. जवळपास मोठे हवाई हल्ले झाले की लोक जास्त ओढायचे आणि सिगारेट आणखी महाग व्हायची. तुमच्या मैदानावर नेमकं हेच होणार. शनिवारी दुपारच्या लढाईत वनौषधी भराभर संपतील आणि संध्याकाळी एका पानाचा भाव सकाळच्या तिप्पट असेल. ते थांबवायला जाऊ नका. तेवढ्यासाठीच लोक सकाळी पानं दाबून ठेवतील, त्यातून व्यापारी तयार होतील.

त्या लेखात एक तपशील आहे तो मला फार आवडतो. एकाला उर्दू येत होतं. तो शीख कैद्यांकडून मांस विकत घ्यायचा आणि बदल्यात लोणी आणि जॅम द्यायचा. भाषेच्या भिंतीमुळे दोन्हीकडे भाव वेगळे होते आणि मधला नफा त्याचा. मग हे इतरांना कळलं, तेही या धंद्यात शिरले आणि भाव जवळ आले. तुमच्या मैदानावर तळ एकमेकांपासून जरा लांब ठेवा, मध्ये झाडी असू द्या. एका तळावर स्फटिक स्वस्त आणि दुसऱ्यावर महाग असेल, तर मधून ये-जा करणाऱ्याला पोट भरायची सोय होईल. सगळा माल एकाच मोठ्या बाजारात आणला की हा खेळाडू मरतो.

रॅडफर्ड यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे: चांगल्या सिगारेटी लोक स्वतः ओढायचे आणि हाताने वळलेल्या, कमी तंबाखूच्या सिगारेटी चलनात फिरायच्या. वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकावून लावतो, हा जुनाच नियम. म्हणून तुमचे सगळे स्फटिक एकसारखे असू द्या. दहा सुंदर निळे आणि बाकीचे फिकट असे केलेत तर ते दहा कुणाच्या तरी गळ्यात माळ होऊन बसतील.

नकली मालाचा बंदोबस्त इथूनच सुरू होतो. मत्स्यालयात घालायच्या काचेच्या गोट्या किंवा बाजारातले मणी वापरू नका. जे तुम्ही विकत आणू शकता ते खेळाडूही आणू शकतो. सिलिकॉनचा साचा करून रेझिनचे स्फटिक ओता आणि प्रत्येकाच्या पोटात एक लहानशी खूण ठेवा, बॅटरीच्या उजेडात दिसेल अशी. कडा घासून गुळगुळीत करा, कारण लढाईत माणूस त्याच कमरपिशवीवर पडतो. वाळलेली खरी पानं मावळच्या पावसात एका रात्रीत लगदा होतात, एमडीएफच्या पट्ट्या फुगतात, कागदी पत्ते तर विचारूच नका. वनौषधींसाठी शिक्का मारलेल्या लहान कापडी पोटल्या आणि धातूसाठी ॲक्रिलिकचे तुकडे घ्या. आणि नियम स्पष्ट लिहा: घरी बनवलेला स्फटिक म्हणजे फसवणूक, त्याला खेळातून बाहेर. पात्राला बनावट माल बनवायचा असेल तर आयोजकांकडे या, आम्ही वेगळी खूण असलेले खोटे स्फटिक देऊ, ते विधीत चालणार नाहीत. अशी वाट ठेवली की ठग पात्रं खेळणाऱ्यांची हौसही भागते.

रुपयांत देवाणघेवाण पहिल्या दिवसापासून बंद. ज्याला परवडतं तो पाचशे रुपयांत पन्नास स्फटिक घेईल आणि त्या क्षणी बाकीच्यांचा खेळ संपेल. स्फटिक, पोटल्या, वॉशर, सगळं आयोजकांच्या मालकीचं आणि खेळाडूंकडे फक्त वापरायला दिलेलं आहे असं लिहून ठेवा, म्हणजे वाद होत नाही.

संगणकावरच्या खेळांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. डायाब्लो 2 मध्ये सोन्याला किंमत उरली नाही तेव्हा खेळाडूंनी आपणहून ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी चलन केली. मग तिच्या नकला निघाल्या आणि बाजार त्यांनी भरून गेला. 2003 च्या 1.10 पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या सुधारित आवृत्तीत, त्या अंगठ्या दुकानदाराला विकत राहिलं की एक खास राक्षस अवतरतो अशी योजना केली गेली, आणि अंगठ्या खपायला जागा मिळाली. वर सांगितलेला 30 स्फटिकांचा विधी त्याच जातीचा आहे. दुसरा खेळ न्यूझीलंडमध्ये बनलेला, 2013 मध्ये आलेला पाथ ऑफ एक्झाइल. त्यात सुरुवातीला सोनंनाणं ठेवलंच नाही. वस्तू सुधारायला लागणारे ऑर्ब हेच चलन. प्रत्येक ऑर्ब हातात घेतला की प्रश्न पडतो, वापरू की विकू? तो प्रश्न तुमच्या खेळाडूलाही पडला पाहिजे. मात्र संगणक एका क्षणात लाखो व्यवहार जुळवतो आणि तुमच्याकडे साठ माणसं नि एक मैदान आहे, म्हणून त्यांच्यासारखे पंधरा-वीस प्रकार करायचा मोह टाळा.

स्फटिकांना मुदत घालावी का, असंही काही जण विचारतात. घालू नका. मुदत घातली की कुणी साठवत नाही, आणि जे साठवत नाहीत ते चलन नव्हे. मरायचं असेल तर वस्तूने मरावं, मालाने नाही. वनौषधींना मुदत हवी असेल तर चालेल, कारण त्या तुमचं मुख्य चलन नाहीत आणि पाला सुकतो हे सगळ्यांना पटतं.

उरलेल्या मालाचं म्हणाल, तर तो घरी नेऊ देऊ नका. रविवारी निघताना फाटकावर टेबल लावा. प्रत्येकाने आपला माल एका पिशवीत घालून वर पात्राचं नाव लिहायचं, तुम्ही मोजून वहीत नोंदवायचा. पुढच्या खेळाला हीच पिशवी आणि त्यात नवं उत्पन्न. दोन फायदे होतात: एक म्हणजे प्रत्येक खेळानंतर एकूण किती स्फटिक बाहेर आहेत हा आकडा तुमच्या हातात राहतो, आणि वाटलेल्यापेक्षा जास्त मोजले गेले तर नकली माल लगेच उघडा पडतो. दुसरा म्हणजे जो खेळाडू वर्षभर फिरकला नाही त्याची पिशवी तुमच्याकडेच असते. ती वाटून टाकू नका, बाजूला ठेवा. तो परत आला तर त्याची, आणि कायमचा सोडून गेला तर तेवढे स्फटिक वहीतून वजा करा आणि पुढच्या खेळात कुठल्या तरी गुहेत किंवा पडक्या देवळात सापडतील असे ठेवा. पहिल्या दोन खेळांचे आकडे हातात आले की वाटप आणि मोठा विधी पुन्हा जुळवून घ्या. त्याआधी काही बदलू नका.